घर बदललं, टाकी नीट लागली आणि चौथ्या दिवशी कोरलं मिटली

रीफची, म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि जिवंत कोरलं ठेवायची, मोठी टाकी मी आतापर्यंत चार वेळा एका घरातून दुसऱ्या घरात नेली आहे. दोनदा माझी स्वतःची, दोनदा ओळखीच्यांची. चारपैकी तीन वेळा अगदी एकच प्रकार घडला. सामान हलवण्याच्या दिवशी काहीही मेलं नाही. रात्री उशिरा पंप सुरू झाले, पाणी फिरायला लागलं, क्लाउनफिश दगडाआडून बाहेर आले आणि आम्ही सगळे दमून जमिनीवरच बसलो. घोळ झाला तो त्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, खोकी उघडण्यात सगळे गुंतलेले असताना.

म्हणून ही नोंद. टाकी हलवायची कशी हे बरेच जण सांगतात. हलवल्यानंतरच्या आठवड्यात ती बिघडायला लागली तर आधी काय बघायचं, हे मात्र मला दर वेळी नव्याने आठवावं लागलं. एकच विनंती: क्रम मोडू नका. घाबरून एकदम पाच उपाय केले तर टाकी कशाने बिघडली ते कळत नाही आणि कशाने सुधारली तेही नाही.

लक्षणं

सहसा ही या क्रमाने दिसतात, पण सगळी दिसलीच पाहिजेत असं नाही.

- दुसऱ्या दिवशी पाणी बऱ्यापैकी निवळतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधाळ होतं.
- झोअँथिड, हॅमर, टॉर्च अशी मऊ किंवा मांसल कोरलं उघडत नाहीत. फांद्यांसारख्या कडक सांगाड्याच्या अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी पडतात.
- मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करतात, विशेषतः पहाटे दिवे लागण्याआधी.
- गोगलगायी काचेवरून सुटून तळाला पडतात, कोळंबी एका जागी बसून राहते.
- स्किमर (हवेच्या फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) एकतर कप भरून वाहतो, नाहीतर फेसच धरत नाही.
- संपमधल्या, म्हणजे मुख्य टाकीखालच्या फिल्टर-पंपांच्या टाकीतल्या, पाण्याची पातळी रोज वेगळी दिसते.

टाकीतून पाणी ठिबकत असेल, पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा स्टँड वाकल्यासारखा वाटत असेल, तर पुढचं वाचू नका. थेट ‘इथे थांबा’ या भागाकडे जा.

एक ग्लास पाणी

फुकटची आणि माझी सगळ्यात आवडती तपासणी. स्वच्छ काचेचा ग्लास टाकीत बुडवून भरा आणि पांढऱ्या भिंतीसमोर पाच-दहा मिनिटं ठेवून द्या.

पाणी खालून वर निवळत गेलं तर ते बारीक बुडबुडे आहेत. नव्या जागी संपमधली पातळी कमी पडली की पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप हवा ओढतो, किंवा पाइपचा एखादा जोड नीट बसलेला नसतो. दिसायला वाईट, पण त्यानं सहसा काही मरत नाही. तळाला बारीक राखाडी थर बसला तर ती वाळूची धूळ. फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) लावा, दोन दिवस रोज धुवा, विषय संपला. ग्लासातलं पाणी जसंच्या तसं दुधट राहिलं तर मात्र ते जिवाणू आहेत. पाण्यात कुजणारं काहीतरी आहे आणि ते त्यावर वाढतायत. ते स्वतः विषारी नसतात, पण माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन खातात.

चौथा प्रकार क्वचित दिसतो. पाण्यात पांढरा चुरा तरंगतो आणि हीटरवर, पंपावर खरखरीत कवच बसतं. तो कॅल्शियम कार्बोनेटचा साका. क्षारता (अल्कॅलिनिटी, खारटपणा नव्हे) किंवा कॅल्शियम एकदम वाढलं, किंवा घाईत कोरडं मीठ थेट संपमध्ये ओतलं, की असं होतं. (हसू नका, रात्री एक वाजता मीही ओतलंय.)

या एका ग्लासाने पुढचा अर्धा रस्ता ठरतो. बुडबुडे किंवा धूळ असेल आणि मासे नीट खात असतील, तर हात खिशात ठेवा आणि दोन दिवस नुसतं बघा.

टॉर्च आणि नाक

दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन टाकीसमोर बसा आणि सगळे जीव मोजा. हलवण्याआधी यादी केली असेल तर आता ती कामाला येते. नसेल तर जुने फोटो काढा. न सापडणारा मासा ओव्हरफ्लोच्या खणात (जिथून पाणी संपमध्ये उतरतं), संपमध्ये किंवा दगडांच्या ढिगाखाली असतो. मोठा मासा दगडाखाली मेला तर मोठी टाकीसुद्धा एका रात्रीत बिघडते.

मग गोगलगायी. पडलेली प्रत्येक गोगलगाय उचलून हुंगा. मेलेली असेल तर शंका राहत नाही, तो वास दोन दिवस बोटांना राहतो. आमच्या दुसऱ्या हलवाहलवीत पाणी दुधाळ का होतंय याचा दीड दिवस शोध चालला होता. शेवटी दगडांच्या मागच्या फटीत मूठभर टर्बो गोगलगायी एकावर एक पालथ्या पडलेल्या सापडल्या. पालथ्या पडल्या की त्यातल्या बऱ्याच जणींना स्वतःहून सुलटं होता येत नाही. प्रवासात बादलीत ठेवलेल्या, आम्ही तशाच दगडांवर ओतून दिल्या होत्या. त्या दिवसापासून मी प्रत्येक गोगलगाय हाताने, पाय दगडाला लावून ठेवते.

नाक वाळूलाही लावा. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. जुन्या, जाड वाळूच्या तळात ऑक्सिजन पोचत नाही तिथे तो साठतो आणि वाळू ढवळली की सुटतो. हा वास येत असेल तर उत्तर जवळपास सापडलं. खाली ‘दगड आणि वाळू’ बघा.

तापमान आणि खारटपणा

नव्या खोलीचं हवामान जुन्या खोलीसारखं नसतं. खिडकीतून दुपारचं ऊन थेट काचेवर येतं, किंवा संप असलेलं कपाट आता भिंतीला चिकटून बसल्यामुळे चिलरची गरम हवा तिथल्या तिथे फिरते. २४ ते २६ अंश सेल्सियस हे सुरक्षित. पण सरासरीपेक्षा चढउतार बघा: पहाटेचं तापमान, दुपारी चारचं तापमान, आणि दोन वेगवेगळ्या थर्मामीटरवर. हलवताना हीटर कोरडा चालू राहिला असेल तर त्याची नळी तडकलेली असू शकते. आधी त्याचा प्लग काढा आणि मगच हात घालून तपासा.

खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. इथे मी पाहिलेली चूक अशी. जुनं पाणी ड्रममधून आणलं, कमी पडलं म्हणून नवं खारं पाणी घातलं, पण खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कधी काळी साध्या पाण्यावर शून्य केलेला होता. शून्याला बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला दोन-तीन अंकांनी चुकू शकतो. म्हणून तो ३५ पीपीटीच्या द्रावणावरच जुळवायचा. छोटीशी बाटली मिळते आणि वर्षभर पुरते.

दुसरी जागा म्हणजे ऑटो टॉप-ऑफ, आटलेल्या पाण्याइतकं गोडं पाणी आपोआप घालणारं यंत्र. त्याचा सेन्सर जुन्या संप-पातळीनुसार लावलेला असतो. नव्या जागी टाकी किंचित तिरकी बसली, ओव्हरफ्लोचा व्हॉल्व्ह थोडा वेगळा उघडला, की संपमधली पातळी बदलते. सेन्सरला वाटतं पाणी आटलं आणि तो गोडं पाणी ओतत राहतो. चार दिवसांत खारटपणा ३५ वरून ३२ वर आलेला मी पाहिला आहे, आणि घरातल्या कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आठवडाभर टॉप-ऑफ बंद ठेवा, हाताने पाणी घाला. सगळे पंप स्थिरावले की टेपने रेघ मारा आणि मगच सेन्सर लावा.

खारटपणा चुकलाच असेल तर एका दिवसात एक पीपीटीपेक्षा जास्त हलवू नका. कोरलांना चुकीचा आकडा काही दिवस सोसतो, झटका सोसत नाही.

हवा कमी पडतेय का

पहाटे मासे वर येत असतील तर आधी हे. २५ अंशांना हवेशी समतोल असलेल्या समुद्राच्या पाण्यात एका लिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात सव्वाआठच्या आसपास. म्हणजे खाऱ्या टाकीत मुळातच शिल्लक कमी, त्यात जिवाणूंची गर्दी. रात्री शेवाळही ऑक्सिजन वापरतं, म्हणून पहाट वाईट.

एक पॉवरहेड (टाकीत प्रवाह करणारा छोटा पंप) वरच्या दिशेला वळवा, पाण्याचा पृष्ठभाग नुसता हलू नये, खळाळला पाहिजे. स्किमर वाहत असेल तर कप काढून त्याचं पाणी संपमध्ये परत पडू द्या. फेस जमला नाही तरी तो हवा देत राहतो. झाकण काढा. याला काही पैसे लागत नाहीत आणि पुढची कुठलीही तपासणी करायला वेळ मिळतो.

अ‍ॅनिमोन (दगडाला चिकटून राहणारा, मऊ शुंडांचा जीव) असेल तर पॉवरहेडवर जाळी लावल्याशिवाय वेग वाढवू नका. नव्या जागी अ‍ॅनिमोन हमखास भटकतो, आणि पंपात चिरडलेला अ‍ॅनिमोन ही वेगळीच आपत्ती आहे.

अमोनिया

आता टेस्ट किट काढा आणि कुजण्यातून सुटणारं विष, अमोनिया, मोजा. पाणी नेलं म्हणजे जिवाणू नेले, असं पुष्कळांना वाटतं. अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते दगडांच्या, वाळूच्या, फिल्टरच्या पृष्ठभागांवर चिकटून राहतात. जुनं पाणी नेण्याचा फायदा एवढाच की रसायनं बदलत नाहीत. दगड तासन्‌तास उघडे सुकले असतील तर शंभर टक्के जुनं पाणी घालूनही चौथ्या दिवशी अमोनिया दिसणार.

किट चालवताना तीच चाचणी नुकत्याच कालवलेल्या खाऱ्या पाण्यावरही करा. तिथेही तेवढाच रंग आला तर दोष किटचा किंवा मिठाचा आहे. अमोनिया बांधून ठेवणारं औषध घातलं असेल तर तेही लक्षात ठेवा. काही किट बांधलेला अमोनियाही मोजतात, आणि माणूस आकडा बघून पुन्हा पुन्हा औषध ओततो.

पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. पीएच एका अंकाने चढला की हा भाग जवळपास दहापट होतो. रीफ टाकी ८ च्या वर असते, त्यामुळे गोड्या पाण्यातल्या माणसाला क्षुल्लक वाटणारा आकडा इथे क्षुल्लक नसतो. प्रवासाच्या पिशव्यांचंही हेच. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली जातो, साठलेला अमोनिया मवाळ राहतो. पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसलात तर पीएच वर येतो आणि मासा त्याच पाण्यात भाजतो. लांबचा प्रवास असेल तर तापमान आणि खारटपणा जुळवा आणि मासा लगेच नव्या पाण्यात सोडा.

अमोनिया खरोखर असेल तर: खाणं बंद. निरोगी माशांना दोन-तीन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. तापमान आणि खारटपणा जुळवून पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. ताजा कार्बन (पाणी गाळायचा सक्रिय कोळसा) घाला. बाटलीतले जिवाणू हाताशी असतील तर घाला, पण ते आज रात्रीचा प्रश्न सोडवत नाहीत. रोज त्याच वेळी मोजा आणि लिहून ठेवा. आकडा उतरतोय का एवढंच बघायचं आहे.

डोसिंग पंप चालूच आहे का?

ही तपासणी सगळे विसरतात. मीही विसरले होते.

टाकी नीट असताना कोरलं रोज कॅल्शियम आणि क्षारता खातात आणि डोसिंग पंप तेवढंच परत घालतो. हलवाहलवीनंतर कोरलं मिटून बसतात, सांगाडा बांधायचं काम थांबतं, पण पंपाला ते कोणी सांगत नाही. तो ठरलेली मात्रा घालत राहतो. माझ्या पहिल्या वेळी क्षारता ८.५ डीकेएचवरून (हे क्षारतेचं माप) आठवड्यात ११ च्या वर गेली होती. अ‍ॅक्रोपोराची टोकं जळाल्यासारखी पांढरी झाली. मला ते अमोनियाचं वाटलं, म्हणून मी पाणी बदलत राहिले. आणि ते नवं मीठ होतं ११ डीकेएचचं! माझ्या हातानेच मी ती वर ठेवत होते.

म्हणून पहिल्या दिवशीच डोसिंग बंद. क्षारता रोज मोजा. ती स्वतःहून खाली यायला लागली की समजा कोरलं पुन्हा कामाला लागली. जितकी घसरते तितकीच मात्रा परत सुरू करा. ७ ते ११ मध्ये कुठेही चालतं, दिवसाला एका डीकेएचपेक्षा जास्त हलू देऊ नका. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५०. ते एवढ्या लवकर हलत नाहीत, आठवड्याने बघितलं तरी चालेल.

दिव्यांचंही तसंच. लटकवायची उंची दोन-चार इंचांनी बदलते आणि कोरल नव्या दगडावर पाच इंच वर बसतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने ऊन दुप्पट. निम्म्या तीव्रतेवर सुरू करा, दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

पाणी कुठून आलं

नव्या घरात नळाचं पाणी वेगळं असतं, हे आपल्याला पिताना कळतं पण टाकीच्या बाबतीत सुचत नाही. आरओ-डीआयच्या (मेंब्रेन आणि राळेतून पाणी शुद्ध करणारा फिल्टर) शेवटी टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं मीटर, धरा. शून्य हवा. मेंब्रेनला काम करायला साधारण ५० ते ६० पीएसआय दाब लागतो. पाणी उंचावरच्या साठवण टाकीतून नुसतं उतारावर येत असेल, तर दहा मीटर उंचीला जेमतेम १४ पीएसआय मिळतात. मग पाणी थेंबथेंब येतं, मेंब्रेन क्षार नीट अडवत नाही आणि डीआयची राळ पंधरा दिवसांत संपते. बूस्टर पंप लावा. पाण्यात सिलिका सुटत असेल तर वाळूवर तपकिरी थर चढतो. तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा. दिसायला घाण, पण धोकादायक नाही.

नव्या भागातलं पाणी क्लोरामाइन घालून शुद्ध करत असतील तर साधं कार्बन कार्ट्रिज पुरत नाही. क्लोरामाइन फोडलं की त्यातून अमोनिया सुटतो आणि तो डीआय राळेने पकडावा लागतो. पाणीपुरवठा खात्याला विचारलं की ते सांगतात.

नव्या घराची हवा

घर ताब्यात घेतल्यावर माणसं दोन गोष्टी करतात: रंग देतात आणि कीटकनाशक फवारतात. स्किमर मिनिटाला कित्येक लिटर हवा पाण्यात मिसळतो. खोलीत जे आहे ते टाकीत जातंच.

झुरळांसाठी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड औषधं कोळंबी-खेकड्यांना भयंकर घातक असतात. ते झुरळांचेच दूरचे नातलग. अमोनिया शून्य, खारटपणा बरोबर, मासे ठीक, पण एकेक कोळंबी आडवी होतेय, असं चित्र असेल तर मी आधी फवारणीचा दिवस विचारते. खिडक्या उघडा, स्किमरच्या हवेची नळी खिडकीबाहेर काढा, ताजा कार्बन भरपूर घाला आणि दोन दिवसांनी तो बदला. तांब्याची शंका असेल, म्हणजे पाणी तांब्याच्या नळातून आलं असेल किंवा उसना पंप कधी औषधाच्या टाकीत चालवलेला असेल, तर तांब्याचं किट वापरा. त्याहून नेमकं हवं असेल तर नमुना आयसीपी चाचणीला (पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) पाठवा. उत्तराला दिवस लागतात, म्हणून आधी पाणी बदला, मग वाट बघा.

बंद खोलीत माणसं जास्त असतील तर कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच ७.८ पर्यंत उतरतो. त्यासाठी बफर (पीएच चढवणारं रसायन) ओतू नका. खिडकी उघडून बघा.

दगड आणि वाळू

इथवर येऊनही अमोनिया उतरत नसेल तर उगम आत आहे. आता हात ओले करावे लागतील.

जिवंत दगडाच्या, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेल्या दगडाच्या, खालच्या, सावलीच्या बाजूला स्पंज असतात. बऱ्याच स्पंजांना हवा सहन होत नाही. त्यांच्या बारीक नळ्यांत हवा अडकते आणि ते आतून मरतात. हलवताना दगड दहा मिनिटं बाहेर ठेवले, वरून ओला कपडा टाकला, म्हणून काही होणार नाही असं समजू नका. तो कपडा जिवाणूंना वाचवतो, स्पंजांना नाही. शिवाय नव्या जागी दगड रचताना खालची बाजू वर आली की तिथलं सगळं उजेडाने आणि प्रवाहाने मरतं. पाण्याखाली हुंगता येत नाही, म्हणून एकेक दगड हवेत न ठेवता लगेच जवळच्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत घ्या, टर्की बेस्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) फटींत पाणी मारा आणि बादलीचा वास घ्या. करड्या-पांढऱ्या बुळबुळीत चिंध्या निघाल्या तर त्याच. जुन्या टूथब्रशने हलकेच काढा आणि ते पाणी फेकून द्या.

पॅलिथोआ किंवा झोअँथिड (बटणांसारखी मऊ कोरलं) असलेला दगड कधीही घासू नका, खरवडू नका, गरम पाण्यात टाकू नका. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि ते माणसाला गंभीर आजारी करू शकतं. वाफेतून किंवा तुषारांतूनसुद्धा. हातमोजे आणि चष्मा घाला, लहान मुलं आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर.

वाळूबद्दल माझं मत पक्कं झालंय. वर्षाहून जुनी, जाड वाळू तशीच हलवायची नाही. पहिल्या वेळी मी ती झाकणबंद बादल्यांतून नेली होती. नऊ तासांनी झाकण उघडलं तेव्हा वरचे दोन बोटं वाळू पांढरी होती आणि त्याखाली शाईसारखी काळी. तीच मी टाकीत ओतली, कारण ‘त्यात जिवाणू आहेत’. चौथ्या दिवशी सकाळी कोळंबी गुलाबी झाली होती, उकडल्यासारखी. ती वाळू आता टाकीत असेल तर सगळी एकदम ढवळू नका. बारीक नळीने दर दोन-तीन दिवसांनी एकेक कोपरा ओढून काढा, तेवढंच नवं पाणी घाला. पूर्ण काढायला तीन आठवडे लागले तरी चालतील. उघडा तळ दिसायला ओकाबोका वाटतो, पण जिवाणूंचं काम दगड करतात.

इथे थांबा

खालच्या गोष्टींत स्वतःचं डोकं चालवू नका.

*वीज.* पाण्यात हात घालून झिणझिण्या आल्या किंवा ईएलसीबी (गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल, तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी नसलेल्या सर्किटवर टाकी चालवूच नये. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी लावा, म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटमध्ये घुसत नाही. तेवढं तुम्ही करू शकता, त्यापुढचं त्याचं काम.

*जमीन.* १५० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच टाकी म्हणजे ५४० लिटर. काच, दगड, स्टँड आणि भरलेला संप धरून वजन ९०० किलोच्या आसपास जातं, तेही एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. घरातल्या खोल्या साधारणपणे चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो सरासरी भाराच्या हिशेबाने बांधतात. याचा अर्थ जमीन खचेलच असं नाही, कारण तो आकडा पूर्ण खोलीवर पसरलेला असतो. पण तुळया कुठे आहेत आणि भार कुठल्या दिशेने जातो हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघायला हवं, आणि टाकी भरायच्या आधी. भरल्यावर फरशी उकलली, दरवाजा अडायला लागला किंवा खालच्या घराच्या छताला नवी भेग आली तर पाणी उपसून टाकी रिकामी करा आणि मग फोन करा.

*काच आणि सिलिकॉन.* स्पिरिट लेव्हल लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. थोडा कल एकवेळ चालतो, पीळ नाही. एक कोपरा उचललेला असेल तर काचेवर सतत ताण राहतो आणि ती कधी सुटेल सांगता येत नाही. भरलेल्या टाकीखाली पाचर ठोकू नका. सांध्यातून ओल येत असेल तर बाहेरून सिलिकॉनचा थर फासून ती थांबत नाही, जुन्या सिलिकॉनवर नवं धड चिकटत नाही. पाणी काढून टाकी बनवणाऱ्याकडून सांधा पूर्ण कापून नव्याने भरून घ्या.

*शरीर.* दगड हाताळल्यावर ताप, श्वास लागणं, तोंडात धातूसारखी चव, हात-ओठ बधिर होणं यातलं काही झालं तर लगेच दवाखाना. डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द लिहून द्या, तो त्यांच्या रोजच्या कानावरचा नसतो. लायनफिश किंवा फॉक्सफेसचा काटा लागला तरी दवाखानाच.

आणि दोन दिवसांत अमोनिया उतरत नसेल, मासे उघडपणे धापा टाकत असतील, तर जीव वाचवायला टाकीच सुधारली पाहिजे असा हट्ट नको. एखाद्या अनुभवी टाकीवाल्याच्या किंवा दुकानदाराच्या चालू टाकीत मासे आणि कोरलं पंधरा दिवस ठेवायला द्या. दुसऱ्या हलवाहलवीत मी हे चार दिवस उशिरा केलं.

सध्या

पुढच्या दोन महिन्यांत पाचवी वेळ आहे. या रविवारी वाळूचा पहिला एक तृतीयांश भाग काढला, पुढचे दोन भाग दर आठवड्याला. टाकीच्या निम्म्याहून थोडं जास्त भरेल एवढं नवं खारं पाणी नव्या घरी आधीच कालवून, हीटर आणि पंप लावून ठेवणार आहे. त्याची क्षारता मोजून जुन्या पाण्याला जुळेल असंच मीठ निवडलंय. नव्या घरात फवारणी करू नका, असं घरमालकांना सांगून झालंय. स्टँड एकटाच आधी नेऊन लेव्हल बघायचीय. दगड या वेळी झाकणाच्या ड्रममधून, पूर्ण पाण्यात बुडवून जातील, बॅटरीवरचा हवापंप लावून. टेम्पोवाला म्हणाला, दगडांना एवढं पाणी कशाला. मी म्हटलं, तेच तर सामान आहे.